हुकूम तुमचा, पाळणं तिचं

तुमचं पत्र दोनदा वाचलं. प्रकरण थोडक्यात असं. तुम्ही पाच जण मिळून एक अद्भुतकथा लिहिताय, रोज रात्री एकाची पाळी, प्रत्येकाचं एक पात्र. त्यातल्या एकानं आपल्या धूमकेत नावाच्या मांत्रिकाला दुसऱ्याच्या मनाचा ताबा घ्यायची विद्या दिली. सुरुवातीला सगळ्यांना मजा वाटली. मग एका रात्री धूमकेतनं तुळजा या सेनापतीणीचा ताबा घेतला आणि तिच्याच हातानं गडाचा दरवाजा शत्रूला उघडून दिला. तुळजा जिची, ती तुमची मैत्रीण गेले दहा दिवस एक ओळ लिहीत नाही. आणि उरलेले चौघे मला विचारताय की या विद्येला मर्यादा कोणत्या घालाव्यात. दिवसातून एकदाच चालावी? शंभर पावलांच्या आत? फक्त पौर्णिमेला?

घाला की. पण त्यानं तुमची मैत्रीण परत यायची नाही. शंभर पावलांवरून झालं काय आणि नव्वद पावलांवरून झालं काय, दरवाजा तिला न विचारता उघडला गेला. तुम्ही विद्येचं माप काढताय आणि दुखणं पेनाचं आहे.

हे मी पुस्तकी सांगत नाही. गेली बावीस वर्षं मी माणसं गोळा करून सामाईक गोष्टी लिहितेय, आणि आमची पहिलीच गोष्ट याच दगडावर फुटली. तेव्हा आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत एका मित्राच्या माडीवर जमायचो. दोनशे पानी वही असायची, ती हातोहात फिरायची. माझं पात्र होतं गंगू, एका डोंगरी गडाची किल्लेदारीण. नवरा गेल्यावर गड सांभाळणारी, दोन्ही वेळा स्वतः धान्य मोजून घेणारी, चिकट बाई. एकदा वही परत आली आणि मी ती रंकाळ्याच्या कट्ट्यावर उभ्या उभ्या वाचली. गटातल्या एकाच्या मांत्रिकानं गंगूवर भूल टाकली होती आणि गंगूनं सख्ख्या भावाला तटावरून ढकललं होतं. दीड पान. सुरेख लिहिलेलं, वाईट म्हणजे.

मी म्हटलं, "गंगू असं करायची नाही."

तो म्हणाला, "अगं, पण तेव्हा ती गंगू नव्हतीच की."

तर्कानं त्याचं बरोबर होतं, आणि नेमकं तेच मला लागलं. ती गंगू नव्हती, तर त्या दीड पानात मी कुठं होते? वही माझ्याकडे चार महिने पडून राहिली. कुणी मागितलीही नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं.

शेवटी तोच आला. मिसळ खायला चल म्हणाला. ब्रेडचा तुकडा कटात बुडवत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "हुकूम मी देणार. पण पाळायचा कसा ते तू लिही." आणि बिलाच्या मागं त्यानं एक ओळ लिहून कागद माझ्याकडे सरकवला: गंगू, किल्ल्या घेऊन ये.

मी तिथंच लिहिलं, साधारण असं:

गंगू उठली. हुकूम गोड होता, आईनं जेवायला हाक मारावी तसा. तिनं कमरेचा जुडगा काढला. मग कोठाराच्या किल्ल्या काढल्या, अंबरखान्याच्या काढल्या, सासऱ्याच्या पेटीत तेलकट फडक्यात बांधलेल्या काढल्या, ज्यांची कुलपं तीन पिढ्यांपूर्वीच गंजून पडली होती त्याही काढल्या. सगळ्या पोत्यात भरल्या. पोतं ओढत ती फरसबंदीवरून निघाली तेव्हा अर्धा गड जागा झाला. लोक असे का बघतात ते गंगूला कळेना. ती तर काम नीटच करत होती.

त्यानं वाचलं आणि त्याला ठसका लागला. गोष्ट तिथून पुढं नऊ वर्षं चालली.

माझा एकच मोठा नियम आहे तो हाच. मांत्रिकाच्या लेखकानं हुकूम लिहायचा, आणि थांबायचं. तो हुकूम त्या मनात कसा उतरला, त्या हातांनी कसा पाळला, त्या वेळी आत काय चाललं होतं, हे ज्याचं पात्र त्यानंच लिहायचं. हुकूम टाळायची मुभा त्याला नाही. तुळजाच्या लेखिकेला 'तिनं दरवाजा उघडलाच नाही' असं लिहिता येणार नाही. पण तो कोणत्या बोटांनी उघडला, अडसर काढताना तिला काय वाटलं, तेलपाणी न झालेली बिजागरी वाजली का, हे सगळं तिचं. माझा अनुभव असा की माणसं पात्राचा पराभव सहज सोसतात. पात्राच्या जागी बाहुली दिसली की मात्र उठून जातात.

यात एक खोड आहे, ती आधीच सांगते. हा नियम मिळाला की पहिले दोन महिने सगळे वकील होतात. 'बस' म्हटलं की पात्र पाण्यात बसतं, 'गप्प राहा' म्हटलं की गाणं म्हणतं, कारण गाणं म्हणजे बोलणं नव्हे. गंगूची किल्ल्यांची गंमत एकदा चालते. तिसऱ्यांदा त्यात जादूही उरत नाही आणि गंगूही उरत नाही. म्हणून आम्ही एक पुरवणी जोडली. भूल पडलेलं पात्र हुकूम मनापासून पाळतं, स्वतःच्या पटलेल्या कामासारखा. फरक पडतो तो त्याच्या समजुतीमुळं आणि स्वभावामुळं. गंगूनं सगळ्या किल्ल्या आणल्या कारण ती चिकट आणि नेटकी बाई आहे. फसवायला नाही आणल्या. तोच हुकूम उधळ्या, विसराळू पोराला दिला असता तर त्यानं चुकीची किल्ली आणली असती आणि बरोबर आणली या आनंदात राहिला असता. ओळ लिहिण्याआधी स्वतःला एवढंच विचारायचं की हे माझं पात्र करतंय, की मी करतेय?

दुसरं. पात्राला आपल्यावर भूल आहे हे माहीत नसलं तरी चालेल, पण त्या पात्राच्या लेखकाला ते आधी माहीत हवंच. 'तीन प्रकरणांपूर्वीपासून तुझी तुळजा माझ्या ताब्यात होती' हा धक्का वाचकाला द्या, सोबत लिहिणाऱ्याला देऊ नका. तीन प्रकरणं तिनं खरी समजून लिहिली, आणि तुम्ही मागं जाऊन ती खोटी ठरवली, असा त्याचा अर्थ होतो. याहून वाईट काम मी या धंद्यात पाहिलं नाही.

आता विद्येकडे. 'मनाचा ताबा' हा शब्दच इतका सैल आहे की त्याला मर्यादा घालता येत नाही. कुंपण घालायला आधी जमीन मोजलेली लागते. आपल्या भाषेत या कामाला वेगवेगळे शब्द आहेत आणि प्रत्येक शब्द वेगळं काम करतो. नजरबंदीत मन तुमचंच राहतं, डोळे तेवढे फसतात. मोहिनीत डोळे ठीक असतात, ओढ बदलते. संचारात अंगात दुसराच कुणी येतो. चकवा लागला की माणूस शुद्धीत असतो, चालतोही, फक्त रात्रभर त्याच शेताभोवती फिरत राहतो. तांत्रिक परंपरेत सहा कर्मं मोजतात, त्यात वशीकरण हे एक. त्याच्या शेजारी स्तंभन आहे, म्हणजे जागच्या जागी थिजवणं. विद्वेषण आहे, म्हणजे दोघांत तेढ लावणं. उच्चाटन आहे, म्हणजे माणसाचं मन त्याच्या जागेवरून उठवणं, त्याला तिथं करमेनासं करणं. लिहिणाऱ्याला यातलं वशीकरण सगळ्यात निरुपयोगी. ते सगळंच करतं. मला विचाराल तर धूमकेतला फक्त उच्चाटन द्या. तो तुळजाकडून दरवाजा उघडून घेऊ शकत नाही. तिला गड नकोसा करू शकतो. मग तीन रात्री ती तटावर येरझाऱ्या घालते, पहारे बदलते, भिंती अंगावर येतात म्हणते, आणि चौथ्या रात्री मोकळी हवा हवी म्हणून स्वतः दिंडी दरवाजा उघडते. शत्रू बाहेरच आहे. हुकूम कुणी दिला? कुणीच नाही. आणि मजा अशी की तुळजाच्या लेखिकेला यात चार पानं लिहायला मिळाली.

(वशीकरण हा शब्द मी आणखी एका कारणानं टाळते. विजेच्या खांबावर चिकटवलेल्या बाबांच्या जाहिरातींनी तो नासवलाय. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला तो अशाच लोकांमुळं, जे गोष्टीतली विद्या खरी म्हणून विकतात. आमच्या गटात एक वकीलीणबाई होत्या. त्या म्हणायच्या, मांत्रिकाला नवा शब्द द्या, जुन्याला फी लागते.)

हवं तर किड्यांकडेही बघा. अँप्युलेक्स कॉम्प्रेसा नावाची एक हिरवी-निळी, झगझगीत गांधीलमाशी आहे. ती झुरळाला दोन डंख मारते. पहिला छातीत, त्यानं पुढचे पाय थोडा वेळ लुळे पडतात. दुसरा नेमका डोक्यात. यानंतर झुरळ मेलेलं नसतं, पांगळंही नसतं. पायांत बळ असतं, पण ते आपणहून चालायला सुरुवात करत नाही. मग माशी त्याची मिशी धरते आणि दाव्याला धरून जनावर न्यावं तसं त्याला बिळाकडे नेते, आणि त्याच्यावर अंडं घालते. म्हणजे ती काही करायला लावत नाही. 'आता मी निघतो' एवढी एकच गोष्ट काढून घेते. तुमच्या धूमकेतच्या सगळ्या थयथयाटापेक्षा हे मला भयंकर वाटतं. आणि याला मर्यादाही उपजत आहे. मिशी धरून ओढणारं कुणी नसेल, तर झुरळ जिथल्या तिथं.

पावलं, तास, पौर्णिमा या मर्यादांऐवजी मी गटाला एक प्रश्न विचारते: पकड कुठं आहे? माझे मामा तालमीतले. ते म्हणायचे, पकड बसल्याशिवाय डाव लागत नाही, आणि ज्या डावाला तोड नाही तो डाव कुणी शिकवलेलाच नाही. ढाक मारायची तर आधी हात, मान, कुठंतरी धरावं लागतं, आणि धरलेलं समोरच्याला कळतं. विद्येचंही तेच ठेवा. मनाला धरायचं तर कशानं? नजरेनं, नावानं, आवाजानं, स्पर्शानं, उष्ट्यानं? एकच ठरवा आणि ते वाचकाला आधी दाखवा. खासबागेचं मैदान शाहू महाराजांनी असं बांधून घेतलं की कुठंही बसा, आखाडा दिसतो. कुस्ती कुणी जिंकली यावर भांडणं होतात. पकड बसली की नाही यावर फारशी होत नाहीत, कारण हजारोंनी ती पाहिलेली असते.

आणि एकदा पकड ठरली की अख्खं जग आपोआप वळायला लागतं. आवाज ही पकड असेल, तर तुमच्या गडावर बहिरे पहारेकरी चढ्या पगारावर ठेवले जातील, आणि एखादा गरीब बाप धाकट्याच्या कानात तापलेलं तेल ओतेल. हे लिहायला जड जातं, पण गोष्ट तिथंच असते. नाव ही पकड असेल, तर खरं नाव फक्त आईला माहीत असेल, आणि आई मेली की माणूस सुटल्यासारखा होईल आणि पोरकाही.

आमच्या दुसऱ्या गोष्टीत आम्ही पकड ठेवली होती अन्नाची. ज्याचं मीठ खाल्लं त्याचा हुकूम तीन दिवस मोडता येत नाही. कागदावर ही साधी अट वाटते. पण आम्ही कोल्हापूरची माणसं. दारात आलेल्याला तांबडा-पांढरा वाढल्याशिवाय सोडायचं नाही हे आमच्या हाडात. त्या जगात पाहुणचार हेच हत्यार झालं. सोयरीक जुळवायला आलेली माणसं शिदोरी बांधून यायची आणि यजमानाच्या दारात बसून स्वतःचंच खायची, ही तिथली सभ्यता. लग्नात दोन्ही बाजूंनी एकमेकांना एकाच वेळी घास भरवायचा, म्हणजे हुकूम हुकमाला कापतो. भिकाऱ्याला कुणी शिळं द्यायचं नाही, कोरडं धान्य द्यायचं. आणि कुणी शिजवलेलं दिलंच, तर सगळा गाव त्याच्याकडे संशयानं बघायचा. एकीनं लिहिलेली एक म्हातारी होती. दुष्काळात सून उपाशी, घरात म्हातारीच्याच हातच्या दोन भाकरी, आणि म्हातारी म्हणते, "खा, पण मी तीन दिवस बोलणार नाही." तीन दिवस ती खरंच बोलली नाही. हे कुणी आधी ठरवलं नव्हतं. मर्यादा नीट बसली की अशा गोष्टी स्वतः चालत येतात.

पौर्णिमेची अट मात्र काढून टाका. पौर्णिमा कुणाला अडवता येत नाही, म्हणून तिच्यातून काही घडत नाही. वेळेचीच अट हवी असेल तर अंबाबाईचा किरणोत्सव डोळ्यांपुढं ठेवा. नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि पुन्हा ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. मावळतीचं ऊन महाद्वाराकडून थेट गाभाऱ्यात येतं. पहिल्या दिवशी पायांशी, मग वर, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. तारखा सगळ्या गावाला पाठ. तरी दर वर्षी धाकधूक असते. एक ढग आला, हवेत धूळ असली, वाटेत कुणाचं बांधकाम वर चढलं, की किरणं खालीच अडतात. तारीख ठरलेली, चढण पायरीपायरीची, आणि अडवायला मंत्र लागत नाही, एक भिंत पुरते. धूमकेतची विद्या अशी ठेवलीत, तर तुमच्या पाचव्या पात्राला, तो जो गवंडी आहे ना, पहिल्यांदाच काहीतरी काम मिळेल.

आता किंमत. मांत्रिकाच्या नाकातून रक्त आलं, तो थकून कोसळला, हे सगळेच लिहितात आणि ती किंमतच नव्हे. दोन वाक्यांनी तो उठतो. किंमत सगळ्यांना दिसेल अशी ठेवा. पावसाळ्यात आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं की पंचगंगेच्या पुराची राजाराम बंधाऱ्याला इशारा पातळी ३९ फूट आणि धोका ४३. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं, तेव्हा रात्रभर माणसं फोनवर एकच आकडा विचारत होती. आम्ही हेच उचललं. वहीच्या पहिल्या पानावर मांत्रिकाची पातळी लिहायची. साधी भूल टाकली की एक फूट, एखाद्याच्या स्वभावाविरुद्ध काही करवून घेतलं की चार. चढायला एक रात्र, उतरायला पंधरवडा, कारण पाणीही असंच, भराभर चढतं आणि इंचाइंचानं उतरतं. ३९ ला आसपासच्या कुत्र्यांना कळतं. ४३ ला विद्या आपोआप सांडते.

सांडते कुठं, हा खरा भाग. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक उंचीला आलं की ते आपले आपण उघडतात, त्यासाठी कुणाची सही लागत नाही. आणि उघडले की विचार खालच्या गावांनी करायचा असतो. आम्ही ठरवलं की पातळी ४३ च्या वर गेली की पुढची पाळी ज्याची असेल तो ठरवणार, विद्या कुणावर सांडली. मांत्रिकाच्या लेखकाला त्यात काही बोलता येणार नाही. एकदा ती सांडली मांत्रिकाच्याच सात वर्षांच्या मुलीवर. ती बापाचं प्रत्येक वाक्य हुकूम समजायला लागली. "मर जा तिकडं" असं तो सहज बोलणारा माणूस. पुढची चाळीस पानं तो घरात तोंड उघडायला घाबरत होता. किंमत याला म्हणतात, आणि ती लावली दुसऱ्याच लेखकानं.

मुदतीबद्दल एकच. ती गोष्टीतल्या दिवसांत मोजू नका, तुमच्या पाळ्यांत मोजा. गोष्टीत एका रात्रीचा ताबा असला तरी ती रात्र लिहायला तुम्हाला तीन आठवडे लागले, तर तुमची मैत्रीण तीन आठवडे बांधलेली आहे. आमच्याकडे मर्यादा दोन फेऱ्यांची. दोन फेऱ्यांत मांत्रिकाला जे करवून घ्यायचं ते घ्यावं, नाहीतर सुटलं.

माझ्या डोक्यात या बाबतीत नेहमी दोन जुन्या कथा येतात, दोन्ही महाभारतातल्या. अनुशासन पर्वात देवशर्मा ऋषी बाहेर जाताना विपुल या शिष्याला सांगतात की इंद्रापासून माझ्या पत्नीला, रुचीला, सांभाळ. विपुल योगबळानं रुचीच्या शरीरात शिरतो. इंद्र येतो. रुचीला उठून त्याचं स्वागत करायचंय, तिला उठता येत नाही. बोलायला जाते, तर तोंडून येतात ते विपुलाचे शब्द. इंद्र खजील होऊन जातो. पुढं विपुल ही गोष्ट गुरूपासून लपवतो, ती त्याला बोचते, शेवटी गुरू त्याला क्षमा करतात. अपराध, लाज, क्षमा, सगळ्यांचा हिशेब होतो. रुचीची पाळी मात्र येतच नाही. दुसरी शांतिपर्वातली. सुलभा नावाची संन्यासिनी जनक राजा खरोखर मुक्त आहे का हे पाहायला योगानं त्याच्यात प्रवेश करते. जनक चिडतो, तिला नाही नाही ते बोलतो, तू माझ्यात शिरलीस कशी म्हणतो. ती सविस्तर उत्तर देते, आणि एक रात्र राहून उद्या निघेन असं सांगते, रिकाम्या घरात भिक्षू उतरतो तशी. शिरणं दोन्हीकडे आहे. पण जनकाचं तोंड जनकाचंच राहिलं, मुदतही आधी सांगितली गेली, म्हणून ती कथा वाद होऊ शकली. तुमच्या तुळजाची आत्ता रुची झालीय.

एक कुंपण मात्र मी चर्चेला ठेवत नाही. भूल टाकून प्रेम करायला लावणं आणि शरीराशी काही करणं, हे हुकमाबाहेर. पात्र कितीही दुष्ट असो. माझ्या गटात हे पहिल्या दिवशी सांगितलं जातं, आणि ज्याला हे जाचक वाटतं त्याला चहा पाजून निरोप.

आणि सुटका. नवे लेखक भूल उतरली की प्रकरण संपवतात. तुम्ही कोल्हापूरचे, तुम्हाला टेंबलाईची कथा मी सांगायला नको, पण या नजरेनं पुन्हा बघा. कोल्हासुराचा मुलगा कामाक्ष. त्याच्या हाती योगदंड लागतो आणि त्याच्या बळावर तो देवांच्या शेळ्यामेंढ्या करून टाकतो. त्र्यंबोली, म्हणजेच टेंबलाई, तेवढी सुटते. ती दंड काढून घेते, त्याला मारते, देवांना पूर्वरूप देते. इथपर्यंत कथा कुणालाही सुचेल: विद्या वस्तूत आहे, वस्तू हिसकावली, विद्या संपली. पण खरी कथा पुढं आहे. विजयाचा सोहळा झाला आणि त्यात त्र्यंबोलीलाच बोलवायचं राहिलं. जिनं सोडवलं तिलाच सुटलेले विसरले. ती रुसली आणि गावाकडे पाठ करून टेकडीवर जाऊन बसली. अजून दर ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी तिला भेटायला टेंबलाईवर जाते, आणि कोहळा फोडतात. लढाईला किती वेळ लागला ते कुणी सांगत नाही. रुसवा मात्र गाव दर वर्षी काढतं.

तेव्हा तुमच्या गोष्टीत आत्ता काय करायचं ते सांगते. ते पान फाडू नका. दरवाजा उघडला, तो उघडलाच. शत्रू आत आला, तो आलाच. पण धूमकेतच्या लेखकानं त्या पानातलं फक्त हुकमाचं वाक्य ठेवावं आणि बाकी सगळं, तुळजाचा हात, तिचं हसणं, ते 'डोळे काचेसारखे झाले' वगैरे, स्वतःच्या हातानं खोडावं. दुसऱ्या कुणी खोडलं तर उपयोग नाही. मग वही तिच्या घरी नेऊन द्या. फोनवर पाठवू नका, घरी जा, आणि जाताना पाचही जण जाऊ नका, न्यायनिवाडा वाटेल. तो एकटा जाऊ दे.

तिला सांगायचं एवढंच की दोन फेऱ्या तुझ्या. मधे कुणी लिहिणार नाही. भूल उतरल्यावर तुळजाला ती रात्र आठवते की नाही, हेही तीच ठरवेल. आठवत असेल तर तिच्या तळहातावर अडसराचा गंज असेल, आणि तो ती धुणार नाही. आठवत नसेल तर सकाळी ती स्वतःच चौकशी लावेल, दरवाजा कुणी उघडला म्हणून, आणि पहारेकरी खाली माना घालून उभे राहतील. मला दुसरी जास्त आवडेल. पण तुळजा माझी नाही.